केस गळतायत, दाखवायचं कुणाला? पारोळा-धुळे-जळगावकडच्यांनी सांगा

प्रश्न – पारोळ्याची

नमस्कार मंडळी. मी पारोळ्याची, वय २७, एका पतसंस्थेत कॅशियर आहे. गणपतीत मला डेंग्यू झाला. प्लेटलेट उतरल्या, अॅडमिट व्हावं लागलं, पण त्यातून उठले. दिवाळीपासून केस जायला लागले, ते अजून थांबले नाहीत. विंचरताना जातात ते वेगळेच. उशीवर, मळलेल्या कणकेत, कॅशच्या ड्रॉवरमध्येसुद्धा केस. न्हाणीच्या जाळीवरून दर वेळी पुंजका काढते. वेणी पूर्वीच्या निम्मी राहिली. टक्कल कुठेच पडलेलं नाही, चट्टा नाही, खाज नाही, कोंडाही फारसा नाही. पण भांग रुंद झालाय, आणि जुने फोटो काढून पाहिले तर आजारपणाच्या आधीही तो थोडा रुंदच दिसतो. आईचा भांगही असाच आहे.

आजी रोज म्हणते, "माय, केस झडी राह्यनात, काहीतरी कर." तिला शेगावकडचं आठवतं. २०२५ च्या जानेवारीत तिकडच्या गावांतल्या लोकांचे केस हाताने ओढले तरी निघत होते, ते टीव्हीवर दाखवलं होतं. आमच्याकडेही रेशनचा गहू येतो. तिने तो खायचा बंद केलाय.

मोबाइलवर सारखी जाहिरात यायची म्हणून मावसबहिणीला घेऊन एका मोठ्या शहरातल्या केसांच्या क्लिनिकमध्ये गेले. तिथे डॉक्टर भेटलेच नाहीत. पांढरा कोट घातलेल्या एका मुलीने डोक्याला कॅमेरा लावला, टाळू पडद्यावर मोठी करून दाखवली आणि म्हणाली, आत्ता सुरू केलं नाही तर वर्षभरात टाळू उघडी पडेल. मग ६० हजारांच्या वरचं पॅकेज, हप्त्यांची सोय. मी सही न करता उठले, पण त्या वाक्याने माझी झोप गेली आहे.

संक्रांत झाली की घरी स्थळं यायला लागतील. आई म्हणते गंगावन लाव. मला ते करायचं नाही. मला नीट माहिती असलेल्या माणसाने एकदा माझं डोकं बघावं आणि खरं काय ते सांगावं, एवढंच हवंय. कुठल्या डॉक्टरकडे जायचं? तपासण्या कुठल्या? सरकारी दवाखान्यात केसांसाठी गेलं तर हसतात का? गाडीवर रोज स्कार्फ बांधते, त्याने होतं का? आणि बोअरचं पाणी फार जड आहे, त्याने?

उत्तर – सातपुडा पायथा

ताई, कांद्याचा रस लाव. आमच्या वहिनीला फरक पडला. आणि माक्याचं तेल घरी काढ, विकतचं नको.

उत्तर – चोपड्याचा मेडिकलवाला

ताई, मी चोपड्याला मेडिकल चालवतो. बी.फार्म. केलंय, काउंटरवर उभं राहून केस पांढरे झाले. रोज कुणी तरी टोपी काढून नाही तर पदर सरकवून डोकं दाखवतं आणि म्हणतं, "भो, यावर काहीतरी दे." मी औषध विकून पोट भरणारा माणूस आहे, तरी तुला सांगतो: डॉक्टरने डोकं पाहिल्याशिवाय माझ्याकडून काय, कुणाकडूनच काही घेऊ नको. केस गळायची कारणं डझनभर आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

बोर्ड वाचून जा. एम.डी. त्वचारोग, डी.एन.बी. त्वचारोग किंवा डी.व्ही.डी. अशी पदवी असली पाहिजे. हेअर एक्स्पर्ट, हेअर कन्सल्टंट, ट्रायकॉलॉजिस्ट एवढंच लिहिलेलं असलं तर समोरचा माणूस डॉक्टर असेलच असं नाही. चिठ्ठीवर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो, तो बघायला लाजायचं नाही.

पारोळ्याहून तुला धुळं जवळ. चक्करबर्डीला भाऊसाहेब हिरे शासकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथे त्वचारोगाचा वेगळा विभाग आहे. जळगावला सिव्हिलच्या आवारात मेडिकल कॉलेज झालंय, तिथेही. केसपेपर काढ आणि "केस गळतात" असं सरळ सांग. हसायचं काय त्यात? त्याच बाकड्यावर गजकर्णाचे, कोडाचे, सोरायसिसचे पेशंट बसलेले असतात आणि केस हा त्याच विभागाचा विषय आहे. गर्दी असते हे खरं. घाई असली तर खाजगी एम.डी. स्कीनवाले धुळ्याला, जळगावला, अमळनेरलाही मिळतील.

आता माझ्या काउंटरवर काय चालतं ते सांगतो, कारण ते तुझ्यासारख्या सगळ्यांनी ऐकायला हवं. मिनॉक्सिडिल लोक नाव घेऊन मागतात, मित्राने सांगितलं म्हणून. हे मुळात ब्लड प्रेशरचं औषध. गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले, तेव्हा डोक्याला लावायचं औषध म्हणून ते पुढे आलं. ते काम करतं, पण योग्य प्रकारच्या गळतीत, आणि फरक दिसायला चार-सहा महिने लागतात. पहिल्या काही आठवड्यांत केस उलट जास्त जातात. हे कुणी सांगितलेलं नसतं, मग माणूस घाबरून अर्ध्यात सोडतो आणि माझ्याशी भांडायला येतो. शिवाय आनुवंशिक गळतीत ते जोवर लावाल तोवरच टिकतं. बंद केलं की काही महिन्यांत मिळालेलं परत जातं. बाईने झोपायच्या अगदी तोंडावर लावलं तर ते उशीवरून कपाळाला, गालाला लागतं आणि तिथे लव वाढते. गरोदर असताना किंवा तसा विचार असताना ते चालत नाही. लग्न ठरायच्या वेळी तर हे डॉक्टरांशी आधी बोललंच पाहिजे.

बायोटिनच्या, म्हणजे एका बी जीवनसत्त्वाच्या गोळ्या हा दुसरा प्रकार. बायोटिनची कमतरता फार क्वचित असते, तरी आमच्याकडे सगळ्यात जास्त खपतं तेच. पैसे जातात हे सोड. जास्त डोसचं बायोटिन रक्तात असलं की थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. तू घेत असशील तर डॉक्टरांना सांग आणि रक्त द्यायच्या निदान दोन दिवस आधी बंद ठेव.

आणि ज्या गोष्टीचा मला खरा संताप येतो ती म्हणजे लहान पोरांच्या डोक्यात नायटा झाला की लावली जाणारी ट्यूब. त्यात स्टेरॉइड, बुरशीचं औषध, अँटिबायोटिक असं सगळं एकत्र असतं. लालसरपणा चार दिवस दबतो, आत बुरशी पसरते. डोक्यातली बुरशी केसाच्या मुळात असते, तिला पोटातून औषध लागतं, वजनावर डोस ठरवून. उशीर झाला तर त्या जागी कायमचा वण राहतो आणि केस परत येत नाहीत. मी ती ट्यूब चिठ्ठीशिवाय देत नाही. लोक पुढच्या दुकानात जातात, ते माहीत आहे मला.

जाताना डोक्याला तेल लावून जाऊ नको, टाळू नीट दिसत नाही. डेंग्यूच्या वेळचे सगळे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्या आणि ते जुने फोटो घेऊन जा. फोटो फार कामाचे असतात.

उत्तर – शहाद्याची मास्तरीण

पारोळ्याच्या ताई, तुमचा त्रास वेगळा आहे, तरी लिहिते. मला मानेच्या वर रुपयाएवढी चाई पडली होती. आमच्याकडे उंदरी लागली म्हणतात. पार्लरवाल्या बाईने आरशात दाखवली तेव्हा माझे हात गार पडले होते. घरातल्या मोठ्यांनी बिब्बा घासायला सांगितलं. मी ठाम नाही म्हटलं, कारण चुलत दिराच्या डोक्यावर बिब्ब्याने उठलेले फोड मी पाहिले होते. त्या जागेवर आजही केस नाहीत.

नंदुरबारला त्वचारोगवाल्या मॅडमनी सांगितलं की आपल्याच शरीराची संरक्षण यंत्रणा केसांच्या मुळांना परकं समजते, मुळं मरत नाहीत, म्हणून केस परत येऊ शकतात. चट्ट्यात बारीक सुईने इंजेक्शनं दिली, काही आठवड्यांच्या अंतराने. आधी पांढरी लव आली, मग काळे केस. कुणाकुणाला काही न करताही येतात आणि कुणाला पुन्हा पडते, हेही त्यांनी लपवलं नाही. मला त्या बाईंचा विश्वास वाटला तो याच कारणाने. त्यांनी मला कुठलीच हमी दिली नव्हती.

शाळेत मी आदिवासी पाड्यांवरच्या मुली रोज बघते. केस विरळ, चेहरा पांढुरका. त्यांना कुणी तरी परस्पर लोहाच्या गोळ्या आणून देतं. आमच्या जिल्ह्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे, आणि त्यात हिमोग्लोबिन कमी असलं तरी लोह कमी असेलच असं नसतं. म्हणून आधी रक्त तपासा, मग गोळी घ्या. हे केसांच्या निमित्ताने सगळ्यांनाच सांगते.

कांद्याच्या रसाबद्दल: माझ्या बहिणीच्या टाळूची त्याने आग होऊन पुरळ उठली होती. सातपुडा दादा, तुमचा हेतू चांगला आहे, पण नाजूक टाळूवर नको.

उत्तर – भुसावळ भरती

मधेच विचारतो, माफ करा. मी २३ वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करतो. कपाळाच्या दोन्ही बाजूंनी केस मागे गेलेत, वडिलांना चाळिशीत पूर्ण टक्कल होतं. सलूनवाला म्हणतो त्याच्या ओळखीत कमी पैशात ट्रान्सप्लांट होतं, एका दिवसात. टोपी आणि घामाने केस जातात का? करून घेऊ का?

उत्तर – त्वचारोग, धुळे जिल्हा

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. इथे निदान करता येत नाही, ते डोकं पाहूनच होतं. पण दोघांनाही काही गोष्टी सांगते.

पारोळ्याच्या ताई, टाळूवरचा केस काही वर्षं वाढतो, मग साधारण तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. एरवी हे वेगवेगळ्या केसांचं वेगवेगळ्या वेळी चालतं, म्हणून दिवसाला ५० ते १०० केस जाणं स्वाभाविक आहे. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन किंवा एकदम कमी केलेलं जेवण, यांत पुष्कळ केस एकाच वेळी विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकाच वेळी सुटतात. तुमचा ताप गणपतीत आणि गळती दिवाळीपासून, हा हिशेब त्याच्याशी जुळतो. ही गळती सहसा सहा महिन्यांच्या आत ओसरते आणि तिने टक्कल पडत नाही. वर्षभरात टाळू उघडी पडेल असं तुम्हाला ज्यांनी सांगितलं, त्यांना डॉक्टरच्या तपासणीशिवाय तसं म्हणण्याचा आधार नव्हता.

पण भांगाबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी दुर्लक्षित करणार नाही. आजारपणाच्या आधीपासून रुंद, आईचाही तसाच, म्हणजे स्त्रियांमधली आनुवंशिक विरळता हळूहळू सुरू असू शकते आणि तापाने ती उघडी पडली असू शकते. दोन्ही एकत्र असतात. डर्मोस्कोपने, म्हणजे टाळू मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने पाहिलं की कळतं: नुसत्या तापाच्या गळतीत केसांची जाडी सारखी दिसते, आनुवंशिक प्रकारात भांगाजवळ जाड केसांमध्ये बारीक झालेले केस मिसळलेले दिसतात. आम्ही पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरून हळू ओढूनही बघतो, किती सुटतात ते. त्यासाठी येण्याच्या आदल्या दिवशी केस धुऊ नका.

रक्तात हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडसाठी) एवढं पुरतं. बाकी तुमच्या तक्रारींवर. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर हार्मोन्स बघावे लागतात. पाळीत जास्त रक्त जात असेल तर तेही सांगा. बायका हे केसांच्या डॉक्टरला सांगत नाहीत, आणि लोह कमी होण्याचं कारण पुष्कळदा तिथेच असतं.

जड पाण्याने केस राठ होतात, मधून तुटतात, पण मुळापासून गळत नाहीत. स्कार्फनेही नाही. घट्ट ओढून बांधलेली वेणी किंवा अंबाडा मात्र कपाळाकडचे केस ओढून कायमचे घालवू शकतो, तेवढं सैल ठेवा. आजारपणात पेजेवर राहिला असाल तर आता डाळी, शेंगदाणे, चालत असतील तर अंडी वाढवा. आपल्या कळण्याच्या भाकरीत उडीद असतो, ती चांगलीच.

आजींना सांगा की शेगाव तालुक्यात जे झालं ते फार वेगळं होतं. तिथे काही दिवसांतच माणसांची डोकी पूर्ण उघडी पडली, एकेका गावात लहान-मोठ्या अनेकांची, आणि पुढे नखांवरही परिणाम दिसला. आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं पथक तिथे आलं होतं. विंचूदंशावरच्या कामामुळे आपल्याला माहीत असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिथल्या रेशनच्या गव्हात सेलेनियम फार जास्त आढळल्याचं जाहीर केलं. तुमच्या घरी रेशनचा गहू बाकीचेही खातात आणि केस फक्त तुमचे जातायत. आजींनी पोळी खावी.

भुसावळच्या दादा, टोपी आणि घाम यांचा संबंध नाही. कपाळाच्या कडा मागे जाणं हे पुरुषांमधल्या आनुवंशिक टकलाचं लक्षण असतं. डीएचटी नावाच्या हार्मोनला तुमच्या पुढच्या आणि माथ्यावरच्या केसांची मुळं जास्त संवेदनशील असतात, म्हणून ती बारीक होत जातात. त्यावर लावायचं मिनॉक्सिडिल आहे आणि पोटातून फिनास्टेराइड. दुसरं डॉक्टरच्या चिठ्ठीवरच. काही जणांना लैंगिक तक्रारी होतात, हे आधी मोकळेपणाने बोलून घ्यायचं असतं. तुमच्या वयात ट्रान्सप्लांटची घाई नको. गळती अजून स्थिरावलेली नाही. लावलेले केस राहतील आणि त्यांच्या मागचे जातील, म्हणजे मधे पट्टा उघडा पडेल. आणि सलूनच्या ओळखीतून तर अजिबात नाही. ती शस्त्रक्रिया आहे. भूल देतात, रक्त येतं, जंतुसंसर्ग होऊ शकतो, क्वचित जिवावरही बेततं. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्यानुसार हे काम प्रशिक्षित, नोंदणीकृत डॉक्टरचं आहे.

उत्तर – सातपुडा पायथा

मॅडम, पटलं. वहिनीचेही केस बाळंतपणानंतरच गेले होते. मग ते आपोआपच परत आले असतील का?

उत्तर – त्वचारोग, धुळे जिल्हा

शक्यता तीच जास्त. बाळंतपणानंतरचे बहुतेकींचे येतात. ज्या महिन्यांत केस आपोआप परतत असतात, त्याच महिन्यांत जे लावलेलं असतं त्याला श्रेय मिळतं.

पारोळ्याची

सगळ्यांचे फार आभार. धुळ्याला मेडिकल कॉलेजला जाऊन आले. आई सोबत होती. रांग लांब होती, पण तपासलं नीट. आधी शिकाऊ डॉक्टर मुलीने सगळी हकीकत लिहून घेतली, पाळीचं, तापाचं, जेवणाचं. मग मोठ्या सरांनी भिंगाने भांग पाहिला, केस ओढून पाहिले. मी मोबाइलमधले जुने फोटो दाखवले तर ते म्हणाले, हे बरं केलं.

फेरिटिन ९ आलं. हिमोग्लोबिन १०.४. थायरॉइड नॉर्मल. पाळीत मला खूप जातं, पण ते सगळ्यांनाच तेवढं जातं असं मी धरून चालले होते. त्यासाठी स्त्रीरोगच्या ओपीडीत पाठवलंय. सर म्हणाले, तापाची गळती आहेच आणि लोहाच्या कमतरतेने तिला लांबवलंय. भांगाजवळ थोडे केस बारीक झालेलेही दिसतात. पण मिनॉक्सिडिल आज नको, तीन महिने लोह घेऊन परत भिंगाने बघू, तोवर लग्नाचंही काय ते कळेल. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे गळती थांबली तरी वेणी पूर्वीसारखी जाड दिसायला दोन-तीन वर्षं धर, असं स्पष्ट सांगितलं. आईने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं हे फार बरं झालं. परत येताना बसमध्ये गंगावनाचा विषय तिने काढला नाही. आजी पोळी खायला लागली आहे, मात्र गहू आता ती स्वतः निवडते.

मेडिकलवाले दादा, लोहाची गोळी कधी घेऊ? सकाळी घेतली की मळमळतं.

उत्तर – चोपड्याचा मेडिकलवाला

जेवणानंतर घे, लोह थोडं कमी शोषलं जाईल पण गोळी सुटणार नाही. चहा आणि दूध दोन्ही तिच्यापासून तासभर तरी लांब ठेव. लिंबू पिळलेलं पाणी बरोबर चालेल. शौचाला काळं होईल, घाबरू नको. तरीही मळमळ राहिली तर गोळी बंद करू नको, सरांना विचारून दुसऱ्या प्रकारची लोहाची गोळी लिहून घे. लोहाचे वेगवेगळे क्षार मिळतात, एखादं पोटाला सोसतं.

उत्तर – भुसावळ भरती

ताई, जळगावच्या सिव्हिलला स्कीनची ओपीडी रोज असते का? सोमवारी मैदानाचा सराव बुडवून जायचं म्हणतोय.

उत्तर – शहाद्याची मास्तरीण

दादा, आधी खिडकीवर विचारून घ्या, वार बदलतात. आणि वडिलांचा पंचविशीतला एखादा फोटो मिळाला तर तोही न्या.